महामार्गावर बर्फ चिकटू नये म्हणून: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हिवाळी वादळात वीतभर हिम पडले तरी पुढे लोखंडी पाते लावलेले ट्रक ते बाजूला सारू शकतात. वाहतूक अडते ती त्या हिमाखाली रस्त्याला घट्ट धरून बसलेल्या पातळ थरामुळे. तो थर मुळात धरूच नये यासाठी वादळाच्या आधी आणि वादळ चालू असताना जे उपाय केले जातात, त्यांबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न येथे घेतले आहेत. सोयीसाठी आकाशातून पडते त्या भुसभुशीत पदार्थाला ‘हिम’ आणि घट्ट गोठलेल्या थराला ‘बर्फ’ म्हटले आहे.

बर्फ रस्त्याला चिकटतो म्हणजे नेमके काय होते?

डांबरी रस्ता लांबून गुळगुळीत दिसतो, पण भिंगाखाली पाहिले तर तो खडीच्या कंगोऱ्यांनी, डांबरातल्या खाचांनी आणि बारीक छिद्रांनी भरलेला असतो. वादळाचे पहिले हिमकण पडतात तेव्हा रस्त्यात थोडी ऊब शिल्लक असते, त्यामुळे ते वितळतात, त्यांचे पाणी या खाचांत उतरते आणि पृष्ठभाग शून्य अंशाखाली गेला की तिथल्या तिथे गोठते. झाडाने खडकाच्या भेगेत मुळे रोवावीत तसा हा बर्फ रस्त्यात रुतून बसतो. त्यावर पडत राहिलेले हिम चाकांखाली दाबले जाते, त्यातली हवा निघून जाते, कण एकमेकांना सांधले जातात आणि काही तासांत खालच्या बर्फाशी एकजीव झालेला टणक थर तयार होतो.

अशा थरावरून लोखंडी पाते फिरवले तर ते खडीच्या उंचवट्यांवरून घासत जाते. खाचांत काय आहे तिथवर ते पोहोचतच नाही. जोर वाढवला तर पात्याची धार जाते, रस्त्यावरचे रंगीत पट्टे आणि परावर्तक उखडतात, आणि बर्फ बहुतेक जागच्या जागी राहतो.

बर्फावर मीठ टाकण्याची पद्धत तर जुनीच आहे. मग यात नवे काय?

जुन्या पद्धतीत आधी बर्फ धरू दिला जातो आणि मग त्यावर मीठ टाकून तो सोडवला जातो. तिला डी-आयसिंग म्हणतात. अँटी-आयसिंगमध्ये तेच मीठ, बहुधा द्रावणाच्या रूपात, बर्फ धरण्याच्या आधीच रस्त्यावर पोहोचवले जाते. पदार्थ एकच असला तरी त्याला नेमून दिलेले काम अगदी वेगळे आहे.

अमेरिकेत रस्त्यांवर मीठ टाकण्याचे सर्वसाधारण धोरण प्रथम न्यू हॅम्पशायर राज्याने १९४१-४२ च्या हिवाळ्यात स्वीकारले आणि दुसऱ्या महायुद्धानंतर ते बर्फाळ प्रदेशांत झपाट्याने पसरले. पुढची कित्येक दशके ‘बर्फ झाला की मीठ टाका’ हाच शिरस्ता होता. स्ट्रॅटेजिक हायवे रिसर्च प्रोग्रॅम या १९८७ ते १९९३ च्या संशोधन कार्यक्रमात आधी फवारणी करण्याच्या पद्धतीची पद्धतशीर चाचणी झाली, त्यानंतर अनेक राज्यांच्या प्रत्यक्ष रस्त्यांवर ती पडताळून पाहण्यात आली आणि १९९६ मध्ये फेडरल हायवे ॲडमिनिस्ट्रेशन या केंद्रीय महामार्ग खात्याने तिची कार्यपुस्तिका प्रसिद्ध केली. तोवर रस्त्याचे तापमान मोजणारी उपकरणे आणि तासातासाचे हवामान अंदाज हाताशी आले होते. ही दुसरी गोष्ट पहिलीइतकीच महत्त्वाची आहे, कारण वादळ केव्हा येणार हेच माहीत नसेल तर ‘आधी’ या शब्दाला काही अर्थ उरत नाही.

मीठ बर्फाला वितळवते म्हणजे ते उष्णता देते का?

साधे मीठ, म्हणजे सोडियम क्लोराइड, उष्णता देत नाही. विरघळताना ते उलट किंचित उष्णता शोषून घेते. ते फक्त पाण्याचा गोठणबिंदू खाली आणते. वजनाने पाच टक्के मीठ असलेले पाणी सुमारे उणे ३ अंश सेल्सिअसला गोठू लागते, दहा टक्क्यांचे सुमारे उणे ६.५ अंशांना. बर्फ वितळायचा तर प्रत्येक किलोमागे ३३४ किलोज्यूल उष्णता लागतेच, आणि ती रस्त्यातून, हवेतून, उन्हातून किंवा चाकांच्या घर्षणातून यावी लागते. म्हणून ढगाळ, गारठलेल्या रात्री भरपूर मीठ टाकूनही बर्फ हटत नाही आणि सकाळी ऊन पडताच तेच मीठ झपाट्याने काम करू लागते. लोक अशा वेळी मिठाच्या प्रतीला दोष देतात. प्रत्यक्षात उष्णतेचा तुटवडा असतो.

फवारणीत मीठ फार थोडे असते. एवढ्याशा मिठाने वादळभर पडणारे हिम कसे वितळेल?

ते वितळणारच नाही आणि ते त्याचे काम नव्हे. या विषयातला बहुतेक गैरसमज याच एका मुद्द्यापाशी जमा होतो, त्यामुळे येथे थोडे गणित केलेले बरे.

रस्त्याची एक लेन साडेतीन मीटर रुंद आणि एक किलोमीटर लांब धरली तर तिचे क्षेत्रफळ ३,५०० चौरस मीटर होते. बोटाच्या जाडीइतके, म्हणजे सुमारे एक सेंटिमीटर, ताजे हिम पडले तर त्यातून साधारण एक मिलिमीटर पाणी मिळते. त्या लेनवर असे ३,५०० किलो पाणी होईल. रस्ता उणे ५ अंशांवर असताना हे सारे पाणी द्रवरूप ठेवायचे असेल तर त्यात सुमारे आठ टक्के मीठ हवे, म्हणजे जवळपास ३०० किलो. पंचवीस सेंटिमीटर हिम पडले तर एका लेनच्या एका किलोमीटरला साडेसात टन मीठ लागेल. असा व्यवहार कोणत्याही खात्याला परवडणारा नाही आणि आसपासच्या जमिनीलाही सोसणारा नाही.

आता फवारणीकडे पाहू. लेनच्या एका किलोमीटरला सर्वसाधारणपणे ९५ ते १४० लिटर द्रावण मारले जाते. मधला आकडा म्हणून १२० लिटर धरले तर त्यात सुमारे ३३ किलो मीठ असते. उणे ५ अंशांना हे मीठ जेमतेम ३८० किलो पाणी गोठण्यापासून वाचवू शकते; लेनभर पसरल्यावर त्याचा थर भरतो एक दशांश मिलिमीटर, म्हणजे जवळपास माणसाच्या केसाइतका जाड. रस्ता उणे २ अंशांवर असेल तर हा थर पाव मिलिमीटरपेक्षा थोडा जाड होतो, उणे १० अंशांना तो ०.०६ मिलिमीटरवर येतो.

बर्फ आणि खडी यांच्यामध्ये न गोठलेल्या पाण्याचा एवढासा थर राहिला तरी बर्फाला पकडायला जागा मिळत नाही. वर कितीही हिम साचले तरी ते या ओल्या थरावर तरंगत राहते आणि पाते आले की सपाट्याने बाजूला होते. हिम हटवण्याचे काम पात्याचेच आहे, द्रावणाने फक्त पात्याला खालपर्यंत पोहोचता येईल एवढी फट उघडी ठेवायची असते.

द्रावण २३.३ टक्क्यांचेच का बनवतात?

मिठाच्या द्रावणाला मराठीत ‘मिठवणी’ असा नेटका शब्द आहे, तोच पुढे वापरला आहे. मिठाचे प्रमाण वाढवत गेले की मिठवण्याचा गोठणबिंदू खाली खाली जातो, पण हे २३.३ टक्क्यांपर्यंतच चालते. तिथे तो उणे २१.१ अंशांवर, म्हणजे तळाला पोहोचतो. त्याहून दाट मिठवणी थंडीत उलट लवकर बिघडते, कारण जादा मीठ स्फटिकरूपाने खाली बसते आणि नळ्या व तोट्या तुंबतात. विरळ मिठवणी आणखी वाईट, कारण त्यात रस्त्यावर नुसते पाणी ओतल्यासारखे होते. हजार लिटर पाण्याला सुमारे ३०० किलो मीठ हे याचे ढोबळ प्रमाण आहे. मात्र खाणीच्या मिठात माती आणि ओल किती असेल याचा भरवसा नसतो, त्यामुळे वजनावर विसंबून न राहता टाकीतल्या मिठवण्यात घनतामापक सोडून पाहतात. तो १.१८ च्या जवळपास तरंगला की मिठवणी जमले.

हवेचे तापमान शून्याच्या वर असताना रस्ता कसा गोठतो?

निर्णय घ्यायचा तो रस्त्याच्या पृष्ठभागाच्या तापमानावरून, हवेच्या नव्हे. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री रस्ता आपली उष्णता थेट आकाशाकडे फेकत असतो आणि वरच्या हवेपेक्षा काही अंशांनी थंड होऊ शकतो. पृष्ठभाग शून्याखाली आणि हवेच्या दवबिंदूच्याही खाली गेला की हिमाचा एक कणही न पडता रस्त्यावर दहिवर, म्हणजे हवेतल्या वाफेचा बर्फ, धरते. उलट हिवाळ्याच्या सुरुवातीला हवा गोठवणारी असली तरी जमिनीत साठलेली ऊब रस्त्याला बराच काळ वाचवते.

पूल आधी गोठतात त्याचे कारण यातच आहे. पुलाखाली जमीन नसते, थंड वारा त्याला वरून आणि खालून दोन्ही बाजूंनी लागतो, आणि साठवलेली ऊब थोडी असल्याने ती लवकर संपते. शेजारचा रस्ता नुसता ओला असताना पुलावर पारदर्शक बर्फाची काच तयार झालेली असू शकते. चालकाला ती डांबराच्या रंगाचीच दिसते, म्हणून तिला ब्लॅक आइस म्हणतात. पुलांवर फवारणी आधी होते ती याचसाठी, आणि काही धोकादायक पुलांवर तर संवेदकांनी धोका ओळखला की पुलातच बसवलेल्या तोट्या आपोआप उघडतील अशी यंत्रणा केलेली असते.

पृष्ठभागाचे तापमान कळण्यासाठी रस्त्यात पुरलेले संवेदक आणि शेजारचे हवामान केंद्र मिळून माहिती पाठवतात, तर ट्रकला लावलेला अवरक्त तापमापक धावता धावता रस्ता मोजत जातो. एकाच महामार्गावर उतार, सावलीतले वळण आणि मोकळा माळ यांच्या तापमानांत चांगलाच फरक पडतो, त्यामुळे हा फिरता तापमापक मला स्थिर संवेदकाइतकाच मोलाचा वाटतो.

फवारणी कधी करावी, आणि कधी करू नये?

बहुतेक ठिकाणी ती वादळाच्या काही तास आधीपासून एक दिवस आधीपर्यंत करतात. मिठवण्यातले पाणी वाळून गेले तरी बिघडत नाही. मिठाचा बारीक थर खाचांत राहतो आणि पहिला हिमकण वितळताच पुन्हा जागा होतो. वाहतूक कमी असेल आणि हवा कोरडी राहिली तर हा थर काही दिवसही टिकतो, वर्दळीच्या रस्त्यावर चाके तो लवकर उडवून नेतात. लवकर फवारणी करण्याचा मोठा फायदा असा की ट्रक संथ वाहतुकीत, दिवसाउजेडी फिरवता येतात आणि वादळ सुरू होते त्या क्षणी सगळे रस्ते एकाच वेळी सुरक्षित असतात. नुसते खडे मीठ टाकणारा ट्रक शेवटच्या रस्त्यावर पोहोचेपर्यंत तिथे बर्फाने पकड घेतलेली असते.

करू नये अशा वेळांची यादी मात्र लक्षपूर्वक वाचावी, कारण या पद्धतीचे नाव खराब होते ते याच प्रसंगांत. वादळाची सुरुवात जोरदार पावसाने होणार असेल तर मिठवणी गटारात वाहून जाते आणि पाऊस हिमात बदलतो तेव्हा रस्ता उघडा पडलेला असतो. रस्ता फार थंड असेल, सुमारे उणे ९ किंवा १० अंशांच्या खाली, तर साध्या मिठाचा व्यवहारात उपयोग उरत नाही, मग कागदावर त्याचा गोठणबिंदू उणे २१ का असेना. पडणाऱ्या हिमाने ते इतके विरळ होते की पुन्हा गोठते. तिसरा प्रसंग अनेकांना उलटा वाटतो: कडक थंडीत कोरडे हिम वाऱ्याने रस्त्यावरून वाहत जात असेल तर रस्ता कोरडा ठेवणेच उत्तम. ते हिम थांबत नाही, पलीकडे निघून जाते. अशा वेळी मिठवणी मारले तर ओला रस्ता वाहत्या हिमाला अडवतो आणि जिथे काहीच साचले नसते तिथे आपल्याच हाताने बर्फ तयार होतो.

वादळाआधी कोरड्या रस्त्यावर समांतर पांढऱ्या रेघा दिसतात त्या कशाच्या?

त्या वाळलेल्या मिठवण्याच्या आहेत. ट्रकच्या मागे आडव्या नळीला खालच्या बाजूने भोके किंवा तोट्या असतात आणि त्यांतून साधारण २० ते ३० सेंटिमीटर अंतराने धारा पडतात. सगळा रस्ता एकसारखा भिजवण्याऐवजी धारा सोडण्यामागे दोन हेतू असतात. पंख्यासारखी बारीक फवार वाऱ्याने उडून जाते, धार जिथे पडायची तिथेच पडते. शिवाय रेघांच्या मध्ये रस्ता कोरडा राहिल्याने फवारणीनंतर लगेच येणारी गाडी घसरत नाही. पहिले हिम वितळले की रेघा आपोआप पसरतात.

कोरडे मीठ का टाकत नाहीत?

टाकतात, पण वादळाआधी कोरड्या रस्त्यावर टाकलेला खडा उसळतो, घरंगळतो आणि उरलेला गाड्यांच्या वाऱ्याने कडेला जातो. मिशिगनमधल्या एका चाचणीत कोरडे टाकलेले सुमारे ३० टक्के मीठ रस्त्याबाहेर गेले, ओले करून टाकलेले फक्त ४ टक्के. म्हणून खडे मीठ टाकतानाही ते पसरवणाऱ्या चकतीवरच मिठवण्याने भिजवतात. जर्मनीत वजनाने ७० भाग मीठ आणि ३० भाग द्रावण असे मिश्रण रूढ आहे. भिजलेला खडा रस्त्याला चिकटून राहतो, आणि विरघळायला लागणारे पहिले पाणी त्याच्या अंगावरच असल्याने तो ताबडतोब कामाला लागतो.

साधे मीठ चालत नाही इतकी थंडी असेल तर काय वापरतात?

मॅग्नेशियम क्लोराइडचे द्रावण उणे ३३ अंशांच्या आसपासपर्यंत द्रवरूप राहू शकते आणि कॅल्शियम क्लोराइडचे उणे ५० अंशांपर्यंत. कॅल्शियम क्लोराइड विरघळताना उष्णता बाहेर टाकते, हा त्याचा आणखी एक गुण आहे. हे दोन्ही महाग असल्याने बहुतेकदा साध्या मिठवण्यात थोड्या प्रमाणात मिसळले जातात. दोघेही हवेतली ओल खेचून घेतात आणि त्यामुळे रस्त्यावर अधिक काळ टिकतात. पण हवा उबदार आणि दमट असेल आणि मात्रा जास्त पडली असेल तर हीच ओल रस्ता निसरडा करते. बर्फ टाळण्यासाठी फवारणी करून तिच्यामुळेच गाड्या घसरल्या, असे होऊ नये म्हणून या रसायनांची मात्रा जपून ठरवावी लागते. धातूला क्लोराइड अजिबात चालणार नाही अशा ठिकाणी, विशेषतः विमानतळांच्या धावपट्ट्यांवर, पोटॅशियम ॲसिटेट वापरतात.

बीटच्या साखरेची मळी मिसळण्याचीही पद्धत आहे. तिच्या चिकटपणामुळे मीठ रस्त्यावर टिकते आणि गंजही काहीसा कमी होतो. मात्र मळी ओढ्यात गेली की ती कुजताना पाण्यातला प्राणवायू खाते, त्यामुळे ती ‘नैसर्गिक’ आहे एवढ्यावरून तिला निरुपद्रवी समजू नये.

वादळ सुरू झाल्यावर पुन्हा फवारणी करावी लागते का?

आधीच्या फवारणीने मिळतो तो वेळ, आणि तो संपत जातो. प्रत्येक हिमकण खालच्या थरात आपले पाणी मिसळतो, थर विरळ होतो आणि त्याचा गोठणबिंदू वर सरकत जाऊन रस्त्याच्या तापमानाला गाठतो. ती गाठ पडण्याआधी पात्याने हिम काढून ताजी मात्रा द्यावी लागते. क्रम नेहमी हाच असावा: आधी पाते, मग मीठ. साचलेल्या हिमावर मीठ टाकून मागून पाते फिरवले तर मीठ हिमासकट कडेच्या खंदकात जाते. हे उघड वाटते, तरी दोन वेगळ्या ट्रकांचा मेळ बसला नाही की प्रत्यक्षात हमखास घडते.

हिम जोरात पडत असेल तेव्हा दुसरी मात्रा मिठवण्याऐवजी भिजवलेल्या खडे मिठाची देणे योग्य, कारण मिठवण्याबरोबर तीन चतुर्थांशांहून अधिक पाणीच जाते आणि विरळ झालेल्या थरावर पाणी वाढवण्यात शहाणपण नाही.

वादळ सरल्यावरचे काही तासही फसवे असतात. आकाश निवळते, रात्र पडते, रस्ता भराभर थंड होतो आणि दिवसभर मिठाने ओला राहिलेला पृष्ठभाग पहाटे गोठतो. म्हणून शेवटच्या फेरीत रस्ता शक्य तितका कोरडा होईल असे पाहतात.

गोठणारा पाऊस पडत असेल तर हीच पद्धत चालते का?

चालते, पण मर्यादेत. हे थेंब द्रवरूपात येतात, पृष्ठभागाला टेकताच गोठतात आणि मध्ये हवा नसल्याने फार घट्ट धरतात. आधीची फवारणी सुरुवातीचा काही वेळ नक्की वाचवते, मात्र पाऊस मिठवणी धुऊनही नेत असतो. त्यामुळे येथे वारंवार आणि खडे स्वरूपात मीठ द्यावे लागते. या प्रकारात वाहतूक थांबवण्याचा निर्णय वेळेवर घेणे हाही उपायच समजावा.

वाळू टाकणे स्वस्त आणि निर्धोक नाही का?

वाळू काहीही वितळवत नाही आणि बर्फाला धरण्यापासून रोखतही नाही. चिकटलेल्या बर्फावर ती चाकांना तात्पुरती पकड देते. साधे मीठ निकामी होईल अशा थंडीत, चढावर किंवा चौकात तिचा उपयोग आहे. पण वेगवान वाहतुकीत थोड्या गाड्या गेल्या की ती कडेला उडते, वसंतात ती झाडून काढावी लागते, गटारे तुंबतात आणि तिची भुकटी होऊन हवेत मिसळते. जपानमध्ये खिळ्यांच्या टायरांनी रस्ते खरवडून अशीच धूळ इतकी वाढली की १९९० मध्ये तिला आळा घालणारा कायदा करावा लागला. खिळे गेल्यावर बिनखिळ्यांच्या टायरांनी होक्काइदोतले बर्फाळ रस्ते घासून आरशासारखे केले, आणि तिथे गोठणरोधक रसायनांचा वापर वाढला. एक अडचण निस्तरताना दुसरी अशी समोर येते.

इतक्या मिठाने पाणी, पूल आणि गाड्या खराब होत नाहीत का?

होतात, आणि हा आक्षेप कोणत्याही खात्याने हलक्यात घेऊ नये. क्लोराइड पाण्यात एकदा गेले की ते कुजत नाही, बाष्प होऊन उडत नाही आणि नेहमीच्या शुद्धीकरणात निघतही नाही. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १९८८ मध्ये जलचरांसाठी दीर्घकालीन मर्यादा लिटरला २३० मिलिग्रॅम क्लोराइड अशी सुचवली. एक किलो मिठात सुमारे ६०७ ग्रॅम क्लोराइड असते, म्हणजे ते एक किलो मीठ २,६०० लिटर गोड्या पाण्याला या मर्यादेपर्यंत नेऊन ठेवते. आपल्या उदाहरणातल्या ३३ किलोंचा हिशेब एका लेनच्या एका किलोमीटरमागे सुमारे ८७ हजार लिटरवर जातो. काँक्रीटमध्ये झिरपलेले क्लोराइड आतल्या सळ्या गंजवते, गंज फुगतो आणि पुलाचे काँक्रीट फुटू लागते.

आधी फवारणी करण्याच्या बाजूने सर्वांत वजनदार युक्तिवाद मला हाच वाटतो. चिकटलेला बर्फ सोडवायला लागणारे मीठ तो चिकटू न देण्याच्या मिठापेक्षा कितीतरी पट जास्त असते. मात्र ही बचत आपोआप होत नाही. आधी फवारणी केली आणि नंतर सवयीने पूर्वीइतकेच खडे मीठही टाकले, तर एकूण मीठ वाढलेलेच असेल. ट्रकवरची मात्रा मोजणारी यंत्रणा दर हिवाळ्याआधी तपासून जुळवून घेणे हे काम कंटाळवाणे आहे खरे, पण मीठ वाचते ते तिथे.

रस्ताच तापवता येणार नाही का?

येतो, पण थोड्या जागी. अमेरिकेतल्या क्लॅमथ फॉल्स गावात १९४८ पासून जमिनीखालच्या गरम पाण्यावर रस्त्याचा चढाचा एक भाग तापवला जात आहे. जिथे अशी फुकटची ऊब नाही तिथे हिशेब अवघड होतो: आपल्या त्या लेनवरचे एक सेंटिमीटर हिम नुसते वितळवायलाच सुमारे ३२५ युनिट वीज लागेल, आणि हवेत वाया जाणारी उष्णता त्याशिवाय. चढ, पूल, बोगद्याची तोंडे यांच्यासाठी हा मार्ग आहे. लांब महामार्गासाठी नाही.

फवारणी झाली आहे म्हणजे नेहमीच्या वेगाने गाडी चालवता येईल का?

नाही. या उपायाने हिम सहज निघते, पण दोन फेऱ्यांच्या मध्ये रस्त्यावर हिमाचा चिखल असतोच आणि त्यावर टायरांची पकड कमी असते. फवारणीच्या ट्रकमागे अंतर ठेवावे आणि पात्याच्या ट्रकला ओलांडून पुढे जाऊ नये, कारण त्याच्या मागचा रस्ता त्या वेळी साऱ्या महामार्गात सर्वांत बरा असतो.

उपाय लागू पडला की नाही हे कसे ओळखायचे?

पाते गेल्यावर त्याच्या मागचा पट्टा पाहावा. काळा, ओला, खडीचे दाणे वेगळे दिसणारा पृष्ठभाग उघडा पडला असेल तर बर्फाने पकड घेतलेली नाही. पाते चालवणाऱ्याला हे दिसण्याआधी ऐकू येते: मोकळ्या रस्त्यावर धातू खडीला घासल्याचा सलग खरखराट होतो, आणि चिकटलेल्या बर्फावर तो आवाज बसका होऊन पाते मध्येच थडथडते. मागे करडी, चकचकीत साय उरली असेल तर वेळ टळून गेली आहे, आणि आणखी मिठवणी मारण्यात अर्थ नाही, कारण ते वरच्या वर पसरून राहते. तिथून पुढे काम डी-आयसिंगचे: जाड खडे मीठ टाकायचे, ते बर्फात भोके पाडत रस्त्यापर्यंत उतरून खालून पसरेपर्यंत थांबायचे आणि मगच पाते आणायचे. त्या ठिकाणचा किलोमीटर आणि वेळ नोंदवून ठेवली तर पुढच्या वादळाआधी ट्रक तिकडे आधी पाठवता येतो.